एकवीस दिवस कोणाच्या सोयीचे?

पाळलेल्या पांढऱ्या उंदरांची पिल्लं आईपासून कधी तोडायची असं विचारलं, की बहुतेकांकडे उत्तर तयार असतं. एकवीस दिवस! आमच्या ऑफिसातल्या एकाने लेकीच्या हट्टापायी दुकानातून दोन माद्या आणल्या. त्यातली एक आधीच गाभण निघाली आणि आता त्याच्या टू बीएचकेमध्ये अकरा पिल्लं आहेत. पठ्ठ्याने कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला गोल केलाय आणि त्या दिवशी कोणाला किती वाटायची याची एक्सेल शीटसुद्धा बनवलीये. त्याला सांगून झालं, आता तुम्हाला सांगतो. माझ्या मते हा आकडा उंदरांचा नाहीच, पिंजऱ्यांचा आहे.

म्हणजे बघा. एकवीस दिवसांची पद्धत प्रयोगशाळांमधली. तिथे नर-मादी बरेचदा एकाच पिंजऱ्यात असतात आणि मादी व्याल्यानंतर चोवीस तासांच्या आतच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे तीन-चार आठवड्यांत पुढची वीण हजर. ती यायच्या आत आधीची पिल्लं हलवायलाच लागतात, नाहीतर नव्यांना जागा आणि दूध पुरणार कसं? तिथे ते बरोबरच आहे. पण घरी बाप पिंजऱ्यात नाही (नसावाच, पिल्लं व्हायच्या आधीच त्याला बाहेर काढायचं), मागे कोणी रांगेत उभं नाही, मग घाई कसली?

आपल्याकडे उष्टावण करतात, म्हणून त्याच दिवशी बाळाचं दूध कोणी तोडत नाही. उंदरांचंही तसंच. दोन आठवड्यांच्या आसपास डोळे उघडतात, सतराव्या-अठराव्या दिवसापासून पिल्लं आईच्या खाण्यात तोंड घालायला लागतात. पण दूध चालूच असतं. एकविसाव्या दिवशी पिल्लू कोरड्या खाण्यावर जगू शकतं, हे खरं. जगू शकतं म्हणजे काढावं असं थोडंच आहे? मोकळं सोडलं तर ते चौथा आठवडा उलटून गेला तरी अधूनमधून आईला लुचत राहतं.

आणि या जादाच्या दिवसांत नुसतं दूधच मिळत नाही. उंदराला उलटी करता येत नाही. चुकीचं काही पोटात गेलं की गेलं. त्यामुळे काय खाणं सुरक्षित आहे हे दुसऱ्याकडून शिकणं त्याच्यासाठी जिवाचा प्रश्न असतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या बेनेट गॅलेफ यांनी अनेक वर्षं याच विषयावर काम केलं. आईने जे खाल्लं त्याची चव दुधातून पिल्लांपर्यंत पोचते आणि पुढे पिल्लं तेच खाणं पसंत करतात, हे त्यांनी 1972 मध्ये दाखवलं. नंतर असंही दिसलं की दुसऱ्या उंदराच्या श्वासाला ज्या खाण्याचा वास येतो, ते खाणं उंदीर बिनधास्त खातो. तोंडाचा वास घेणं ही त्यांची अक्षरशः शाळा आहे! आई जेवून आली की पिल्लं तिच्या थोबाडाशी का लगटतात, ते आता कळलं ना?

शिवाय चौथा-पाचवा आठवडा म्हणजे दंगामस्तीचा. उलथेपालथे करणं, मानेला तोंड लावणं, चीं चीं ओरडणं. या वयात एकटी ठेवलेली पिल्लं मोठेपणी इतर उंदरांशी नीट जुळवून घेत नाहीत. आमच्या मित्राची एक्सेल शीट नेमकी इथेच आडवी येते, कारण त्यात 'घरटी एक पिल्लू' असा हिशोब आहे. उंदीर एकेकटा देऊच नये. निदान जोडी, तीही एकाच लिंगाची.

आता एवढं वाचून कोणी म्हणेल, मग राहू देत की सगळी दोन महिने. तर नाही! दूध तोडणं आणि नर वेगळे करणं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकाच तारखेत कोंबतात. पहिल्या कामाची तारीख सैल. दुसऱ्याची मात्र दगडावरची रेघ. पाच आठवडे, म्हणजे पस्तीसावा दिवस. सगळे नर तेव्हाच वयात येत नाहीत, पण काही येतात, आणि आई-बहीण असली नाती उंदीर पाळत नाहीत. मित्राकडे अकरात सहा माद्या आहेत, त्यांची आई आणि ती दुसरी मैत्रीण. आठ. प्रत्येकीला दहा पिल्लं धरली (आठ ते बारा सहज होतात) तर तीन-साडेतीन आठवड्यांत ऐंशी. सोसायटीच्या सेक्रेटरीला काय सांगणार?

तोवर आईचंही बघायला हवं. तिसऱ्या आठवड्यानंतर ती पिल्लांना टाळायला लागते, ते पाहून लोकांना वाटतं, झालं, आता काढा. तिला हवी असते थोडी सुट्टी. पिल्लांना चढता येणार नाही असा एक उंच कप्पा पिंजऱ्यात करून द्या, ती स्वतःच येऊन-जाऊन राहील. मुलींना तर तिच्यापासून तोडायची गरजच नाही, त्या कायम एकत्र राहू शकतात. दुसऱ्या घरी द्यायच्याच असतील तर पाच-सहा आठवड्यांनी जोडीने द्या.

नर-मादी ओळखायला पस्तीसाव्या दिवसाची वाट बघू नका. दहाव्या-बाराव्या दिवशी, दाट केस यायच्या आत, माद्यांच्या पोटावर स्तनाग्रांच्या ओळी दिसतात. तेव्हाच मोजून ठेवा आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा तपासा, तोवर नरांचं सगळं उघडच दिसायला लागतं. भाऊ-भाऊ एकाच वेळी, एकाच पिंजऱ्यात हलवा. आणि अख्ख्या विणीत एकच नर निघाला तर त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाकडचा त्याच वयाचा नर आत्तापासून शोधायला लागा, पाच आठवडे भुर्रकन जातात.