मैदान विकाऊ नाही!

पहाटे पाचच्या सुमारास गोंदिया-कोहमारा मार्गाने जाणाऱ्याला गोरेगावच्या आसपास एक दृश्य हमखास दिसते. धानाच्या बांध्यांवरचे धुके अजून उठलेले नसते आणि रस्त्याच्या कडेने मुले-मुली धावत असतात. बहुतेकांच्या पायांत साधे कॅनव्हासचे बूट, काहींच्या पायांत तेही नाहीत. ही मुले पोलीस भरतीची तयारी करतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे एकूण गुण ५०. त्यातला एकेक गुण मिळवण्यासाठी ही मुले वर्षानुवर्षे घाम गाळतात. घरी दोन-तीन एकर धान आणि भावंडांचे शिक्षण. या मुलांना वशिला नाही, आहेत ते फक्त पाय.

आणि याच मुलांच्या वाट्याची जागा एखादा असा उमेदवार पळवतो, ज्याने उभ्या आयुष्यात मैदानाची माती पायाला लागू दिलेली नाही!

महाराष्ट्र शासनाने २००५ साली शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले. हेतू पवित्र होता. खेळापायी ज्याचे अभ्यासाचे तास गेले, त्याला राष्ट्राने उपजीविकेचा आधार द्यावा, हा विचार कृतज्ञतेचा आहे. पण जिथे मध असतो तिथे मुंग्या पोहोचतातच. ट्रॅम्पोलिन, पॉवरलिफ्टिंग यांसारख्या, गावोगावी फारशा खेळल्याही न जाणाऱ्या प्रकारांची बनावट प्रमाणपत्रे राज्यात उघडकीस आली. त्या कागदांवर नोकऱ्या मिळाल्याचे आढळले, गुन्हे दाखल झाले, पडताळणी करणाऱ्यांकडेही बोटे वळली. कुंपणानेच शेत खाल्ले, तर दाद कुणाकडे मागायची?

बनावट प्रमाणपत्र हे या रोगाचे शेवटचे रूप. त्याचा आरंभ फार सौम्य असतो. महाविद्यालयाला ढाल हवी असते, एखाद्या धनिकाला त्या ढालीशेजारी स्वतःचे छायाचित्र हवे असते. मग चांगल्या खेळाडूला सुटीत 'काम' दिले जाते. हजेरीपटावर नाव असते, पगारही निघतो. काम मात्र नसते. कुणी मोटारसायकल देतो, कुणी खोलीचे भाडे भरतो. विसाव्या वर्षी त्या मुलाच्या मनावर कोणता संस्कार होतो? श्रमाविना दाम मिळतो, आणि देणाऱ्याचे काम पडले की मान तुकवायची असते, हा!

अमेरिकेत या रोगाचा इतिहास मोठा आहे. २००६ साली ओक्लाहोमा विद्यापीठाने आपल्या फुटबॉल संघातील दोन खेळाडूंना, त्यांत संघाचा मुख्य आधारस्तंभ होता, हंगामाच्या तोंडावर संघाबाहेर काढले. नॉर्मन येथील एका मोटारविक्री केंद्रात न केलेल्या कामाच्या तासांचे पैसे त्यांनी घेतले होते. पुढे २०१९ मध्ये तर आणखी भयंकर प्रकरण बाहेर आले. धनाढ्य पालकांनी प्रशिक्षकांना लाच देऊन, कधीही न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून नामांकित विद्यापीठांत घुसवले होते. त्यासाठी बनावट छायाचित्रेही तयार केली गेली. सूत्रधार विल्यम सिंगर याला २०२३ मध्ये साडेतीन वर्षांचा कारावास झाला. आपल्याकडची बनावट प्रमाणपत्रे आणि त्यांची बनावट छायाचित्रे, यांत जातकुळीचा फरक आहे काय?

यावर एक युक्तिवाद हमखास केला जातो. 'गरीब खेळाडूला दोन पैसे मिळाले, तर तुमच्या पोटात का दुखते? अमेरिकेनेही आता पैसे घेण्याची मुभा दिलीच ना?' दिली, हे खरे. २०२१ पासून तेथील महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठेही त्यांना थेट मोबदला देऊ लागली आहेत. पण तेथे खेळाडूंच्या जिवावर विद्यापीठे दूरचित्रवाणीकडून अमाप पैसा मिळवत होती. त्यातला वाटा खेळाडूने मागितला, तर त्यात न्याय होता. गोरेगावच्या कबड्डीपटूच्या खेळावर कोणते महाविद्यालय असा पैसा मिळवते? येथे जो पैसा येतो तो उत्पन्नाचा वाटा नसतो. तो मिंधेपणाचा विसार असतो.

मग खेळाडूला मदत करूच नये काय? अवश्य करावी, आणि कशी करावी याचा धडा महाराष्ट्रानेच घालून दिला आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधवांकडे प्रवासाचे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी आपापल्या परीने हातभार लावला. खाशाबांनी कांस्यपदक आणले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! त्या मदतीच्या बदल्यात खर्डेकरांनी काय मागितले? काहीही नाही. तेच खाशाबा पुढे पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले, पण अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. खऱ्या खेळाडूची उपेक्षा आणि खोट्याला नोकरी, हा आपला न्याय!

मदत उजेडात केली जाते, लाच अंधारात. मदत संस्थेच्या खात्यातून पावतीसह जाते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या गरजू मुलालाही मिळते. लाच एका व्यक्तीला बांधून ठेवते. एवढी कसोटी सामान्य माणसालाही लावता येते.

शेवटी एक कटू प्रश्न स्वतःलाच विचारला पाहिजे. दहावी-बारावीला खेळाडूचे वाढीव गुण मिळावेत म्हणून, न खेळलेल्या स्पर्धेचे प्रमाणपत्र मुलाच्या हाती देणारे पालक कुठल्या समाजातले? ते आपल्याच वस्तीतले, सुशिक्षित, संस्कारांवर व्याख्याने ऐकणारे! त्या मुलाने पहिली चोरी आईवडिलांच्या हातून शिकलेली असते. शाखेच्या मैदानावर आपण खेळ शिकवतो तो चारित्र्य घडावे म्हणून. तेच चारित्र्य घरात विकले जात असेल, तर शासनाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावागावात दोन कामे हाती घ्यावीत. क्रीडा आरक्षणातून निवड झालेल्या प्रत्येक उमेदवाराची स्पर्धा, तारीख व संघाची यादी जाहीर व्हावी, यासाठी शासनाकडे आग्रह धरावा. आणि पहाटे धावणाऱ्या मुलांना बूट, दूध, मार्गदर्शन मिळेल असा उघड निधी गावाने उभारावा. उद्याही त्या रस्त्यावर ती मुले धावणार आहेत. त्यांचा घाम आणि एखाद्याचा कागद, यांतले मोल कशाला द्यायचे, हे आपण ठरवायचे आहे.