दोन पडद्यांच्या कैवाऱ्यांस

मोठ्या शहरातील एका सुखवस्तू सल्लागारांचे मत अलीकडे आमच्या कानी आले. ते असे की, लिंबागणेशसारख्या खेड्यात फोटो स्टुडिओ चालविणाऱ्याने अल्ट्रावाइड मॉनिटर घेणे हा निव्वळ षौक होय. त्याच पैशांत २४ इंची दोन साधे मॉनिटर शेजारी मांडले असता काम आणि खेळ दोन्ही उरकतात, इंचही अधिक पदरात पडतात, आणि वीज जेथे बेभरवशाची तेथे असली श्रीमंती मिरवू नये. मताची जमापुंजी एवढीच; परंतु ज्या अधिकारवाणीने ते सुनावले गेले, ती पाहता त्याचा जमाखर्च चव्हाट्यावर मांडणे प्राप्त आहे.

विजेचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो: वीज जाते तेव्हा ती पडदे मोजून जात नाही. खेड्यातील माणसाचे डोळे शहरी डोळ्यांहून अरुंद असतात, हा शोध आम्ही शोधकाच्याच स्वाधीन करतो. इंचांविषयी मात्र इतका खुलासा अवश्य आहे की, मॉनिटरचे इंच कर्णावर मोजतात आणि कर्णांची बेरीज करून क्षेत्र ठरविण्याचे गणित कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. १९२० बाय १०८० चे दोन पडदे मिळून सुमारे ४१ लाख ४७ हजार पिक्सेल भरतात, तर ३४ इंची, ३४४० बाय १४४० चा एकच पडदा ४९ लाख ५३ हजार. अंगाने दोन पडदे थोर, तपशिलाने एक. आणि फोटो दुरुस्त करणाऱ्याचे पोट तपशिलावर चालते.

आता मुख्य आक्षेप, ज्याविषयी थोडक्यात बोलणे आम्हांस शक्य नाही. लग्नसराईत बीडपासून पाटोद्यापर्यंतचे स्टुडिओवाले रात्री जागून जो करिज्मा अल्बम जोडतात, त्याची उघडी शीट बहुधा १२ बाय ३६ इंचांची, म्हणजे उंचीच्या तिप्पट रुंद असते. १९२० रुंदीच्या पडद्यावर ती पुरती ताणली तरी तिची उंची ६४० पिक्सेल भरते आणि उरलेला पडदा ओस पडतो; ३४४० रुंदीवर तीच शीट सुमारे ११४७ पिक्सेल उंच आणि ८० सेंटिमीटर रुंद, म्हणजे प्रत्यक्ष आकाराच्या बरीच निकट दिसते. तीच शीट दोन पडद्यांवर पसरा, म्हणजे नवरानवरीच्या मधोमध दोन चौकटींची काळी पट्टी उभी राहते, आणि मंगलाष्टके संपून अक्षता पडल्या तरी हा अंतरपाट काही खाली येत नाही. यावर प्रतिपक्ष म्हणेल की, अल्बमलाही मध्ये घडी असतेच. असते, आणि म्हणूनच तेथे कोणाचे नाक किंवा कोणाचा डोळा जाऊ नये याची काळजी डिझाइन करणाऱ्याने घ्यावयाची असते, व जेथे सर्वाधिक पाहावयाचे नेमकी तीच जागा हे गृहस्थ झाकून देतात! त्यात दोन पडद्यांचे रंग तंतोतंत जुळणे दुर्मिळ, त्यामुळे शालूचा डावा पदर एक लाल आणि उजवा दुसरा. आणि फटीसमोर न बसता एका पडद्यासमोर बसावे, तर दुसऱ्याकडे पाहता पाहता सराई संपण्यापूर्वी मान संपते.

ही मंडळी आम्हांस नवी नाहीत. ४:३ च्या चौकोनी डब्यांच्या जागी रुंद पडदे आले तेव्हा हीच मंडळी हळहळली होती. इनस्क्रिप्ट कळफलक शिकण्यात आयुष्य फुकट जाते, असा दाखलाही यांनीच दिला होता. १९५९ चा ‘कागज़ के फूल’ हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट चालला नाही, यास पडद्याची रुंदी कारण होती, असे गंभीरपणे सांगणारा एक पंथही आम्ही पाहिला आहे.

राहिला खेळ. दोन पडद्यांवर खेळ पसरला तर नेम धरावयाची खूण फटीत जाते, म्हणून खेळ एकावरच चालतो आणि दुसरा प्रेक्षक होतो. २१:९ प्रमाणाच्या अल्ट्रावाइड पडद्यावर ट्रक किंवा विमान चालविताना उंची तीच राहून दोन्ही बाजूंचा मुलूख अधिक दिसतो. व्हॅलोरंटसारखा खेळ हा लाभ देत नाही, एल्डन रिंग दोन्ही कडांना काळे पट्टे ठेवतो, हे मान्य. त्यात पराभव कसला?

मंडनास फार शब्द लागत नाहीत. ३४ इंची पडद्याची उंची साध्या २७ इंचीएवढी असते, हे ध्यानात ठेवून ३४४० बाय १४४० चाच घ्यावा. त्याच मापात २५६० बाय १०८० चा स्वस्त मिळतो, पण त्यावर अक्षरे भरड दिसतात. रंगांसाठी आयपीएस पॅनेल बरे. वक्रता १८००आर, म्हणजे १८०० मिलिमीटर त्रिज्येची, याहून तीव्र नसावी, नाहीतर शीटच्या सरळ कडांची पारख होत नाही. ग्राफिक्स कार्डावर २५६० बाय १४४० पेक्षा सुमारे ३४ टक्के अधिक भार पडेल, त्याची तजवीज आधी करावी.

एका पडद्यावर हिशेबवही आणि दुसऱ्यावर क्रिकेट पाहणाऱ्यांनी दोन मॉनिटर खुशाल घ्यावेत, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. अल्बमवाल्यास उपदेश करण्यापूर्वी मात्र सल्लागारांनी आपल्या दोन पडद्यांवर एक शीट स्वतः जोडावी आणि ती वधूच्या आईकडून मंजूर करून आणावी.