दाराच्या फटीतून जाणारी झोप



आरोग्याच्या पानावर या वेळी दाराविषयी लिहिते आहे. काही ताई हसतील. दार आणि आरोग्य यांचा काय संबंध, असं मलाही पूर्वी वाटायचं. गेल्या महिन्यात विहारात आम्ही रक्तदाब तपासणी ठेवली होती, तिथला एक अनुभव आधी सांगते.

चाळिशीच्या आतला एक भाऊ आला. वॉचमनची नोकरी, कायम रात्रपाळी. रक्तदाब १६० वर १००. मी विचारलं, गोळी चुकते का? नाही म्हणाला. मीठ, तंबाखू, दारू, सगळं विचारून झालं. शेवटी विचारलं, "झोपता किती तास?" तो म्हणाला, "झोपतो कसला ताई, नुसता पडून असतो." दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. चार फुटांची गल्ली. दारासमोर सार्वजनिक नळ. दार पत्र्याचं, एका बिजागरीवर लटकलेलं, खाली दोन बोटांची फट. हा माणूस सकाळी आठला घरी येतो आणि त्याच वेळेला नळावर हंडे आपटायला लागतात. एका घरात टीव्ही, दुसऱ्या घरात मिक्सर, गल्लीत भंगारवाल्याची हाळी. त्या दारातून सगळं जसंच्या तसं आत येतं.

मला ते घर अनोळखी नव्हतं. नर्सिंगचा डिप्लोमा करून मी वॉर्डात काम करायला लागले, तेव्हा आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत राहत होतो. नाईट करून आले की कानावर उशी दाबून पडायचे. तेव्हा चिडचिड, डोकेदुखी, पित्त हे सगळं मी स्वभावाचा दोष समजत होते. तो झोपेचा तुटवडा होता, हे फार उशिरा कळलं.

झोपेत माणूस आवाज ऐकत नाही हा गैरसमज आहे. कान बंद होत नाहीत. माणूस पूर्ण जागा झाला नाही तरी मोठ्या आवाजाने शरीर दचकतं, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, ताणाची द्रव्यं रक्तात सुटतात. एखाद्या रात्रीचं शरीर भरून काढतं. वर्षानुवर्षं हेच चाललं तर उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. मधुमेह असेल तर अपुऱ्या झोपेने साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. लहान मुलं चिडकी होतात, अभ्यासात लक्ष लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे झोपण्याच्या खोलीत सरासरी ३० डेसिबलच्या आसपास आवाज असावा. आपल्या देशाच्या ध्वनिप्रदूषण नियमांत, म्हणजे २००० सालच्या नियमांत, निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दोन माणसं शेजारी बसून साधं बोलली तरी साठच्या आसपास जातं. आता आपल्या गल्लीचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणून माझं म्हणणं असं की शांतता ही बंगल्यातल्या लोकांची चैन नाही. ती गोळीइतकीच उपचाराचा भाग आहे. वस्तीतल्या माणसाला ती मिळवायची तर पहिलं काम घराच्या दारापासून सुरू होतं, आणि दुसरं दाराच्या बाहेर.

आधी दाराचं बघू. दारातून आवाज दोन वाटांनी येतो. एक वाट फटीची, दुसरी हलक्या पत्र्याची किंवा फळीची. फट हवेला वाट देते आणि जिथून हवा येते तिथून आवाज येतोच. साडेसहा फूट उंच आणि अडीच फूट रुंद दाराखाली एक इंच फट असेल, तर ती दाराच्या शंभराव्या भागापेक्षा थोडी जास्त भरते. एवढीच जागा उघडी असली, तर दार कितीही जाड असो, ते साधारण २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. म्हणून नवीन दारावर पैसे घालण्याआधी फटी बुजवा. रात्री दिवा बंद करून आत उभे राहा. बाहेरचा उजेड जिथून दिसतो तिथूनच आवाज येतो.

चौकटीला जिथे दार टेकतं तिथे तिन्ही बाजूंनी फोमची किंवा रबराची चिकटपट्टी लावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नाही परवडली तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बारीक खिळ्यांनी ठोका. दार आपटण्याचा आवाजही त्याने जातो. बिजागरीचे स्क्रू आवळा, तेल घाला, कडी सैल असेल तर नीट बसवून घ्या. खडखडणारं दार वाऱ्यानेही माणसाला जागं करतं. खालच्या फटीसाठी जुन्या साडीची लांब पिशवी शिवून त्यात चिंध्या गच्च भरा आणि झोपताना दाराला आतून लावून ठेवा.

पत्रा पातळ असेल तर आतल्या बाजूने १२ मिलिमीटरचं प्लायवूड नटबोल्टने बसवता येतं. आवाज अडवायला वजन लागतं. दाराचं वजन दुप्पट झालं की साधारण पाच-सहा डेसिबलचा फरक पडतो. पण एवढ्या प्लायवूडचं वजन दहा-अकरा किलो भरतं, म्हणून आधी तिसरी बिजागरी बसवा आणि चौकट मजबूत आहे का ते सुताराला दाखवा. भाड्याचं घर असेल, मालक खिळा ठोकू देत नसेल, तर दारावर आतून जाड गोधडी टांगा. ती चौकटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढे जाईल आणि खाली जमिनीला टेकेल अशी हवी. गोधडीने बोलण्याचा आणि भांड्यांचा आवाज थोडा बोथट होतो, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. पातळ पडद्याने काहीच होत नाही. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल तर मुळीच लावू नका. ते हलके असतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत आणि ठिणगी पडली तर भसकन पेटतात.

आता नर्स म्हणून सगळ्यात महत्त्वाचं सांगते, ते कृपया दोनदा वाचा. आपल्या बऱ्याच घरांत झोपायची आणि स्वयंपाकाची खोली एकच असते. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत साचतो आणि दाराखालची फट ही त्याची बाहेर जायची वाट असते. म्हणून खालची फट कायमची बुजवू नका. चिंध्यांची पिशवी झोपण्यापुरती लावायची, तीही रेग्युलेटर बंद केल्यावरच. उठल्यावर आधी पिशवी काढायची, मग गॅस सुरू करायचा. सकाळी वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, काडी ओढू नका, दार उघडून सगळ्यांना बाहेर काढा. खोलीत शेगडी, चूल किंवा स्टोव्ह पेटत असेल तर फटी बुजवून झोपणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. मच्छर अगरबत्ती लावून बंद खोलीत झोपणंही छातीला वाईट.

दुसरी गोष्ट हवेची. आपल्या वस्त्यांत क्षयरोग अजून आहे. कोंदट खोलीत त्याचे जंतू हवेत तरंगत राहतात, खेळत्या हवेने ते पांगतात. म्हणून गल्लीकडच्या दाराच्या फटी बुजवायच्या तर मागची खिडकी, वरची जाळी किंवा झरोका उघडा हवाच. घराला दार हीच एक वाट असेल तर ते पूर्ण बंद करू नका. खडखड थांबवा, कडी आवळा, एवढ्यावरच थांबा. घरात क्षयाचा रुग्ण किंवा दम्याचा माणूस असेल तर हवा आधी, शांतता नंतर. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात दार लावून म्हातारी माणसं आणि बाळं यांना कोंडू नका. आणि कडी अशी ठेवा की अंधारातही एका हाताने उघडेल.

आता दाराबाहेरचं. आपल्या वस्तीत दिवसा दार लावलं की लोक बोलतात. शिष्ट झाली, कोणाशी पटत नाही, आत काय चाललंय कोण जाणे. ही सवय सोडायला हवी. बंद दारामागे रात्रभर रस्ता झाडून आलेली सफाई कामगार ताई झोपलेली असते, वॉचमन असतो, माझ्यासारखी नर्स असते, ओली बाळंतीण असते. आमच्या गल्लीत आम्ही एक साधी पद्धत सुरू केली. आत रात्रपाळीचा माणूस झोपला असेल तर कडीला पांढरा रुमाल बांधायचा. रुमाल दिसला की दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही, हंडा घासत न्यायचा नाही, मुलांचा चेंडू पुढच्या गल्लीत. सुरुवातीला थट्टा झाली. आता लहान मुलंच मोठ्यांना दटावतात. त्या वॉचमन भावाच्या दारालाही आम्ही ट्यूबची पट्टी लावली, बिजागरी बदलली. खर्च दोनशे रुपयांच्या आत आला. आता तो सलग पाच तास झोपतो. गोळी सुरूच आहे, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, पण मागच्या दोन तपासण्यांत आकडा खाली आला आहे.

अभ्यास करणाऱ्या मुलांचा विचार करा. परळच्या चाळीत, एका खोलीत माणसं आणि संसार दाटीवाटीने असताना बाबासाहेब शिकले. रामजी बाबा त्यांना रात्री दोनला अभ्यासाला उठवायचे. त्या वेळी चाळ झोपलेली असायची. गरिबाच्या घरात शांतता विकत मिळत नव्हती, म्हणून बापाने ती मुलासाठी रात्रीतून काढून दिली. आज आपल्या गल्लीत रात्री दोनलाही शांतता असते का, हे आपण स्वतःला विचारू या.

इथे मला एक बोलायचं आहे जे काहींना आवडणार नाही. दार कितीही चांगलं केलं तरी ते डीजेसमोर टिकत नाही. डीजेचा आवाज जवळून १०० डेसिबलच्या वर जातो. आपलं सुधारलेलं दार त्यातले वीस अडवेल, ऐंशी आत येतीलच. आणि ढोलाचा, बेसचा जाड आवाज तर दार, भिंत, जमीन सगळ्यांतून येतो, छातीत धडधडतो. लग्न, हळद, वाढदिवस, गणपती, आणि हो, आपली १४ एप्रिलची मिरवणूक. इतरांचा डीजे वाजतो तेव्हा आपण तक्रार करतो, आपला वाजतो तेव्हा तो उत्साह असतो. बाळाच्या कानाला हा फरक कळत नाही. हृदयविकाराच्या रुग्णाला कळत नाही. ज्यांनी आपल्याला शिकायला सांगितलं त्यांच्याच जयंतीला, वार्षिक परीक्षा तोंडावर असताना, आपल्या मुलांची पुस्तकं बंद व्हावीत हे मला पटत नाही. मिरवणूक जरूर काढा. लेझीम, भीमगीतं, पांढऱ्या साड्यांतल्या हजारो बायका, यात कमी जोश आहे का? स्पीकरची भिंत नसली तर काय उणं पडेल?

कायदाही आपल्या बाजूने आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तेवढीच. दवाखाना, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. ११२ वर तक्रार करता येते. पण माझा अनुभव असा की पोलिसांना बोलावण्याआधी विहार समितीने आणि महिला मंडळाने मंडळाच्या मुलांशी बसून बोललं तर निम्मं काम होतं. मुलं आपलीच आहेत, ऐकतात.

या महिन्यात प्रत्येक घराने एवढं करावं. आज रात्री दिवा बंद करून दारातल्या फटी बघा. घरात कोण दिवसा झोपतं, कोण अभ्यास करतं, कोणाला रक्तदाब आहे हे लक्षात घ्या. पट्टी लावा, बिजागरी आवळा, मागची खिडकी उघडी ठेवा, झोपताना रेग्युलेटर बंद करा. आणि पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारात दहा मिनिटं या एकाच विषयावर बोला. आपल्या गल्लीची शांत वेळ कोणती, ती ठरवा आणि विहाराच्या फळ्यावर लिहा.

जयभीम. नमो बुद्धाय.