दुर्बीण डोळ्यांची, भार मानेचा

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराचे मोठे देऊळ पाहतो, त्याच्या भिंतीवरचा १८०३ सालचा मराठी शिलालेख वाचायचा प्रयत्न करतो आणि सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद पाहून हरखतो. ज्यांच्या नावाने हे ग्रंथालय ओळखले जाते, त्या दुसऱ्या सरफोजी राजांनी (१७७७-१८३२) स्थानिक चित्रकारांकडून पक्ष्या-प्राण्यांची चित्रेही काढून घेतली होती. त्यांतली काही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. राजाच्या पदरी असल्यावर पक्षी समोर आणवून घेता येतो. इतरांना पक्ष्याकडे स्वतःच जावे लागते, आणि तेही गळ्यात दुर्बीण अडकवून.

तंजावरहून मन्नारगुडीच्या रस्त्याला पंचवीसेक किलोमीटरवर वडुवूरचा तलाव लागतो. २०२२ साली या पक्षी अभयारण्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ईशान्य मोसमी पावसाने आणि कालव्याच्या पाण्याने तलाव भरला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात चित्रबलाक, पांढरे शराटी, तलवार बदके, पाणकावळे, चांदवे यांची येथे गर्दी होते. डिसेंबरच्या सुट्टीत देवळासाठी आलेल्या कुटुंबाने एक सकाळ येथे घालवावी. बांधावरून रमतगमत चालायचे म्हणजे दोन-तीन तास सहज जातात. ‘केवढी मोठी दिसते’ म्हणून हौसेने घेतलेली दुर्बीण पहिल्या अर्ध्या तासानंतरही गळ्यात राहते की पिशवीत जाते, हे नेमके तेव्हाच कळते.

दुकानात गिऱ्हाईक दुर्बीण डोळ्यांना लावून पाहते. ती गळ्यात घालून दहा मिनिटे उभे कोणीच राहत नाही. वास्तविक तीन तासांत दुर्बीण डोळ्यांपाशी असते फार तर वीस-पंचवीस मिनिटे. उरलेला सगळा वेळ ती मानेवर असते. १०×५० आकड्याची मोठी दुर्बीण साधारण आठशे ग्रॅम ते एक किलोची. म्हणजे लिटरभर पाण्याची बाटलीच दोरीने गळ्यात बांधल्यासारखे! पक्षिनिरीक्षकांची आवडती ८×४२ सहाशे ते आठशे ग्रॅमच्या दरम्यान, ८×३२ पाचशेच्या आसपास आणि खिशात मावणारी ८×२५ तीनशेच्या जवळपास.

मग सर्वांत हलकी ती सर्वांत चांगली का? तसे नाही. फार हलकी दुर्बीण हातात स्थिर राहत नाही, आणि तिच्यातून येणारा प्रकाशही कमी. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास. त्याला पहिल्या आकड्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते: ८×२५ मध्ये तीन मिलिमीटर, ८×३२ मध्ये चार, ८×४२ मध्ये सव्वापाच. संध्याकाळी बगळे-करकोचे झाडांवर परततात तेव्हा हा फरक जाणवतो. मात्र गंमत अशी, की अंधारात तरुणांच्या डोळ्याची बाहुली जितकी मोठी होते तितकी वयस्कांची होत नाही. मान धरलेल्या आजोबांनी जड दुर्बीण सोडून ८×३२ घेतली, तर त्यांचे नुकसान नातवापेक्षा कमीच होते. एका कुटुंबाला एकच दुर्बीण घ्यायची असेल, तर हीच मधली निवड शहाणपणाची.

वजनाइतकाच पट्टा महत्त्वाचा. दुर्बिणीबरोबर येणारा बारीक नायलॉनचा पट्टा मानेत रुततो. तो काढून रुंद, मऊ पट्टा लावला तर वजन तेच राहूनही ते अधिक जागेवर पसरते. ताणला जाणारा रबरी पट्टा दुकानात फार सुखद वाटतो, पण चालताना दुर्बीण त्यावर उड्या मारते. शिवाय तंजावरकडच्या दमट हवेत त्याखाली घामाच्या धारा लागतात. पट्टा लांबही ठेवू नये. पोटापर्यंत लोंबणारी दुर्बीण पावलागणिक आपटते आणि वाकले की दगडावर आदळते. ती छातीशीच असावी.

दोन्ही खांद्यांवरून जाऊन पाठीवर फुलीसारखा बसणारा पट्टाही मिळतो. त्यात मानेवर भार जवळजवळ येत नाही. मानेचे दुखणे असणाऱ्यांना त्यासारखे सुख नाही. पण साडीवर किंवा ओढणीवर तो घालणे-काढणे म्हणजे कसरत, आणि चौघांत एक दुर्बीण असेल तर तो निरुपयोगीच. त्यापेक्षा लांब पट्टा एका खांद्यावरून आडवा घ्यावा. पदर डाव्या खांद्यावर असतो, म्हणून पट्टा उजव्या खांद्यावर घ्यावा. दुर्बीण डाव्या कमरेशी विसावते, निऱ्या ओढल्या जात नाहीत आणि मंगळसूत्रही पट्ट्याखाली अडकत नाही. ही सोय जाहिरातीत कोणी सांगत नाही, कारण जाहिरातीतला पक्षिनिरीक्षक बहुधा खिशाखिशांचे जाकीट घातलेला पुरुष असतो!

एका हातातून दुसऱ्या हातात देताना मात्र एक नियम घरातल्या सर्वांनी पाळावा: आधी पट्टा गळ्यात, मग दुर्बीण हातात. ती एकदा पडली की आतले लोलक हलतात, एकाच्या दोन प्रतिमा दिसू लागतात आणि डोके दुखते. दोष मग डोळ्यांना दिला जातो.

मुक्कामावर परतल्यावर घामाने भिजलेला पट्टा सोडवून साध्या पाण्यात धुवावा, नाहीतर मिठाने तो कडक होऊन दुसऱ्या दिवशी मान सोलतो. दुर्बीण ओल्या पट्ट्यासह पिशवीत कोंबू नये. भिंगांवर बुरशी धरते. ती पंख्याखाली वाळवून सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवावी.