सुवर्णपत्रे, पपायरस आणि इतिहासाची कसोटी

२७ नोव्हेंबर १९६७ या दिवशी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने पपायरसचे अकरा जीर्ण तुकडे मॉर्मन चर्चच्या प्रतिनिधींच्या स्वाधीन केले. वरकरणी हा एक साधा, औपचारिक प्रसंग होता. पण सव्वाशे वर्षे हे चर्च ज्याला 'अब्राहमचे पुस्तक' म्हणून पवित्र ग्रंथांत स्थान देत आले होते, त्याचा अनुवाद पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी याच संग्रहातील पपायरसांवरून केला, अशी शिकवण होती. मूळ गुंडाळ्या १८७१ च्या शिकागोतील अग्निप्रलयात भस्मसात झाल्या, असा सर्वांचा समज होता. १९६६ मध्ये युटा विद्यापीठातील इजिप्शियन विद्वान अझीझ अतिया यांच्या दृष्टीस ते तुकडे त्या संग्रहालयात पडले. प्रेषिताचा अनुवाद आणि त्याचे मूळ असे समोरासमोर ठेवण्याची संधी धर्मांच्या इतिहासात क्वचितच मिळते. ती येथे मिळाली.

या पंथाचे अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे. चर्चच्याच गणनेनुसार त्याची सभासदसंख्या आज पावणेदोन कोटींच्या घरात आहे. हिंदुस्थानला हे नाव अगदीच परके नाही. १८५० नंतरच्या काही वर्षांत या पंथाचे प्रचारक कलकत्त्यात, मुंबईत आणि पुण्यातही येऊन गेले. त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही, हा भाग वेगळा. २०१८ मध्ये मात्र बंगळुरू येथे भव्य मंदिर उभारण्याची घोषणा झाली. तेव्हा या पंथाचा मूळ दावा काय आहे आणि तो पुराव्याच्या उजेडात कितपत टिकतो, हा प्रश्न केवळ अमेरिकेपुरता उरत नाही.

जोसेफ स्मिथ यांचा जन्म १८०५ चा, व्हरमाँट राज्यातला. तरुणपण गेले ते न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात. त्या काळी तेथे नवनव्या धर्मजागृतीच्या सभांना उधाण आले होते आणि भूमिगत धनाचा शोध घेण्याचे वेडही जोरात होते. १८२३ मध्ये मोरोनी नावाच्या देवदूताने दर्शन देऊन जवळच्या टेकडीत पुरलेली सुवर्णपत्रे दाखवली आणि १८२७ मध्ये ती हाती आली, असे स्मिथ यांचे कथन आहे. त्यांवरील लिपीला ते 'सुधारित इजिप्शियन' म्हणत. तिचा अनुवाद म्हणून १८३० मध्ये 'बुक ऑफ मॉर्मन' प्रसिद्ध झाले. छपाईसाठी मार्टिन हॅरिस या शेतकऱ्याने आपली जमीन गहाण टाकली. पत्रे देवदूताने परत नेली, म्हणून ती आज पाहावयास मिळत नाहीत. ती पाहिल्याची ग्वाही अकरा जणांनी दिली. त्यांपैकी बरेचसे स्मिथ यांचे आप्त अथवा निकटवर्ती होते, काहींनी पुढे त्यांच्याशी फारकतही घेतली. तरी ग्वाही कोणी मागे घेतली नाही, हे श्रद्धावंत आवर्जून सांगतात आणि ते सांगण्याचा त्यांना अधिकार आहे.

येथे एक भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. ईश्वर आहे की नाही, मृत्यूनंतर जीवाची गती काय, प्रार्थनेने चित्ताला शांती का लाभते, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारे नव्हेत. त्या कारणाने कोणाच्या उपासनेची टवाळी करणे हा असंस्कृतपणा आहे. पण 'बुक ऑफ मॉर्मन' हे केवळ उपासनेचे पुस्तक नाही, ते इतिहास सांगते. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास लेही नावाचा एक यहुदी गृहस्थ जेरुसलेम सोडून सहकुटुंब समुद्रमार्गे अमेरिकेत आला. त्याच्या वंशजांचे नेफाईट आणि लॅमनाईट असे दोन समाज झाले. त्यांनी नगरे वसवली, पोलाद घडवले, रथ हाकले. पुनरुत्थानानंतर येशूने त्यांना दर्शन दिले आणि इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस नेफाईटांचा समूळ संहार झाला. अशी ही कथा. स्थळ, काळ, माणसे, पिके, पशू, धातू सारे नावानिशी सांगितले की तपासणीचे निमंत्रण आपसूकच जाते. चर्चच्या धुरीणांनीही हे पुस्तक रूपककथा आहे असे कधी म्हटले नाही. त्यांच्या लेखी ते घडलेलेच आहे.

आता ते तुकडे. शिकागो विद्यापीठातील क्लाउस बेअर यांच्यासारख्या इजिप्तविद्येच्या अभ्यासकांनी त्यांचे वाचन केले. होर नावाच्या एका पुरोहिताच्या शवाबरोबर ठेवलेला, मृतात्म्याला परलोकी श्वास लाभावा म्हणून लिहिलेला तो अंत्यविधीचा मजकूर निघाला. काळ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे परंपरा अब्राहमला ज्या युगात ठेवते त्याच्या सुमारे दीड-दोन सहस्रकांनंतरचा. अब्राहमचे नावही त्यांत नाही. पुस्तकासोबत छापलेल्या चित्रांचीही तीच गत. स्मिथ यांनी ज्या आकृतीला 'राजा फारो' म्हटले ती प्रत्यक्षात इसिस देवी आहे आणि ज्याला 'दास' म्हटले तो अनुबिस हा देव आहे. स्मिथ यांनी ममींसह हे पपायरस १८३५ मध्ये २४०० डॉलरना घेतले, तेव्हा शांपोलिओंच्या लिपीवाचनाला जेमतेम तेरा वर्षे झाली होती आणि अमेरिकेच्या सीमाप्रांतात चित्रलिपी वाचणारे कोणी नव्हते. दावा खोडून काढणाराच नसला की दावा सोपा होतो.

चर्चने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, उपलब्ध तुकड्यांवरील अक्षरे अब्राहमच्या पुस्तकाशी जुळत नाहीत, हे मान्य केले. मग उत्तर काय? एक असे की, खरा मजकूर हरवलेल्या भागात असावा. दुसरे असे की, पपायरस केवळ निमित्त होते, मजकूर थेट ईश्वराकडून स्फुरला. पहिल्या उत्तरापुढे अडचण अशी की, स्मिथ यांच्या लेखनिकांच्या हस्तलिखितांत समासात नेमकी याच तुकड्यांवरील अक्षरे उतरवून त्यांच्या शेजारी अब्राहमचा मजकूर लिहिलेला आहे. दुसरे उत्तर तर्काने खोडता येत नाही. मात्र ते स्वीकारले की 'अनुवाद' या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

मुख्य ग्रंथाची कहाणी अधिक विस्तृत आणि काही अंशी अधिक करुण आहे. कॅलिफोर्नियातील वकील थॉमस स्टुअर्ट फर्ग्युसन हे निस्सीम मॉर्मन होते. पुरावा जमिनीत आहे, तो खणून काढला की जगाचे तोंड बंद होईल, अशी त्यांची खात्री. या खात्रीपोटी त्यांनी १९५२ मध्ये 'न्यू वर्ल्ड आर्किऑलॉजिकल फाउंडेशन' स्थापन केले. १९५५ पासून चर्चने त्याला भरघोस अर्थसाहाय्य दिले. मेक्सिकोच्या चियापास प्रांतात त्या संस्थेने केलेले उत्खनन उत्तम दर्जाचे होते. येल विद्यापीठाचे मायकेल को यांच्यासारख्या पंथाबाहेरच्या विद्वानानेही त्याची प्रशंसा केली. पण ज्यासाठी कुदळ मारली ते काही सापडले नाही. घोडा अमेरिकेतून सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नामशेष झाला आणि परतला तो स्पॅनिश जहाजांतून. लोखंड वितळवून पोलाद करण्याची विद्या कोलंबसपूर्व अमेरिकेत नव्हती. चाकांची खेळणी मिळाली, रथ मिळाले नाहीत. हिब्रू किंवा इजिप्शियन लिपीतील एकही अस्सल लेख मिळाला नाही. ग्रंथानुसार अखेरच्या रणात दोन लाख तीस हजार नेफाईट पडले. एवढ्या रणभूमीची एखादी खूण तरी उरावी! १९७५ मध्ये फर्ग्युसन यांनी वनस्पती, प्राणी, धातू आणि लिपी या चार कसोट्यांवर आपल्याच आयुष्यभराच्या शोधाचा ताळेबंद मांडला आणि तो ग्रंथाच्या विरुद्ध गेला. १९८३ मध्ये ते निवर्तले. पंथाच्या कोणा शत्रूने नव्हे, त्याच्या सर्वांत उत्साही पुत्राने काढलेला हा निष्कर्ष आहे.

समर्थकांची बाजू अगदीच रिती नाही. येमेनमधील प्राचीन वेदींवर सापडलेले एका टोळीचे नाव ग्रंथातील 'नाहोम' या स्थलनामाशी जुळते आणि तेही योग्य काळात. अमेरिकेत बार्लीची एक स्थानिक जात पिकवली जात होती, हेही उत्खननातून दिसले आहे. परंतु तीन व्यंजनांचे साम्य आणि एक रानटी धान्य यांवर सहस्र वर्षांच्या दोन संस्कृतींचा डोलारा उभा राहत नाही. आणि ग्रंथातला घोडा म्हणजे कदाचित टॅपिर असेल, असे जेव्हा गंभीर चेहऱ्याने सुचवले जाते, तेव्हा टॅपिर रथाला जुंपलेला डोळ्यांसमोर आणणे श्रद्धावंतालाही जड जात असेल.

मग ही कथा आली कोठून? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओहायोच्या परिसरातील प्रचंड मातीचे ढिगारे पाहून गोऱ्या वसाहतकारांना प्रश्न पडे की, हे बांधले कोणी? समोर असलेल्या मूलनिवासींचे ते कर्तृत्व असेल, हे त्यांच्या मनाला पटेना. म्हणून एक लुप्त, सुसंस्कृत वंश कल्पिला गेला आणि 'रानटी' इंडियनांनी त्याचा नाश केला, असे मानले गेले. हे मूलनिवासी इस्रायलचे हरवलेले वंशज आहेत, ही कल्पनाही तेव्हा घरोघरी होती. ईथन स्मिथ नावाच्या पाद्र्याने १८२३ मध्ये त्यावर ग्रंथही लिहिला होता. ढिगाऱ्यांचे बांधकाम मूलनिवासींच्याच पूर्वजांचे, हे स्मिथसोनियन संस्थेच्या सायरस थॉमस यांनी १८९४ मध्ये सप्रमाण दाखवले. 'बुक ऑफ मॉर्मन' हे त्या आधीच्या काळाचे अपत्य आहे. हे साम्य पंथाबाहेरच्यांनाच दिसले असे नाही. चर्चचे ज्येष्ठ नेते बी. एच. रॉबर्ट्स यांनी १९२२ मध्ये या अडचणी सर्वोच्च नेतृत्वापुढे मांडल्या. त्यांना उत्तर मिळाले ते श्रद्धेच्या ग्वाहीचे, पुराव्याचे नव्हे. रॉबर्ट्स यांनी श्रद्धा सोडल्याचे जाहीरपणे कधी म्हटले नाही. मात्र त्यांचे ते टिपण छापून येण्यास १९८५ साल उजाडावे लागले, तेव्हा ते जाऊन बावन्न वर्षे झाली होती.

विचारणाऱ्याला ग्वाही ऐकवण्याची ही रीत पुढेही चालू राहिली. १९७२ मध्ये लिओनार्ड अ‍ॅरिंग्टन या व्यावसायिक इतिहासकाराची चर्चचा अधिकृत इतिहासकार म्हणून नेमणूक झाली आणि दप्तरखान्याची दारे किलकिली झाली. दहा वर्षांत ती पुन्हा ओढून घेण्यात आली. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये सहा अभ्यासकांवर शिस्तभंगाची कारवाई झाली आणि त्यांपैकी पाच जण बहिष्कृत झाले. याच संस्थेने २०१३ ते २०१५ या काळात आपल्या इतिहासातील अवघड प्रकरणांवर निबंध प्रसिद्ध केले, संस्थापकाच्या बहुपत्नीत्वाची कबुली दिली, टोपीत ठेवून ज्यात पाहत अनुवाद सांगितला गेला त्या खड्याचे छायाचित्रही छापले. याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण जे सांगितल्याबद्दल काल माणसे घालवली, तेच आज स्वतः सांगताना त्या माणसांची आठवण ठेवायला हवी होती.

जमावाने केलेल्या छळाचे समर्थन मात्र यातून निघत नाही. १८३८ मध्ये मिसुरीच्या गव्हर्नराने मॉर्मनांना राज्याबाहेर हाकलण्याचा अथवा नष्ट करण्याचा हुकूम काढला, तो रद्द व्हायला १९७६ उजाडले. १८४४ मध्ये स्मिथ यांना कार्थेजच्या तुरुंगात जमावाने ठार मारले. बंदुकीची गोळी हा पुराव्याचा प्रकार नव्हे.

या वादात ज्यांचे सर्वाधिक पणाला लागले, त्यांचे मत मात्र कोणी विचारले नाही. ते म्हणजे अमेरिकेचे मूलनिवासी. ग्रंथ त्यांना लॅमनाईट ठरवतो आणि त्यांच्या कातडीचा काळसर वर्ण हा ईश्वरी शाप असल्याचे सांगतो. त्यांची स्वतःची उत्पत्तीकथा, देवता, पूर्वज, सारे बाजूला सारून त्यांच्या हाती दुसऱ्यानेच लिहिलेली वंशावळ देण्यात आली. १९५४ पासून अधिकृतपणे चाललेल्या योजनेखाली नव्हाजो आणि इतर जमातींची सुमारे पन्नास हजार मुले शालेय वर्षात मॉर्मन कुटुंबांत ठेवली गेली. पालकांची संमती असे, अनेकांना चांगले शिक्षण मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या मुलांची कातडी यजमानांच्या घरी उजळू लागल्याचे १९६० च्या महासभेत स्पेन्सर किंबॉल या वरिष्ठ नेत्याने कौतुकाने सांगितले. हेच गृहस्थ पुढे चर्चचे अध्यक्ष झाले. जॉर्ज ली हे नव्हाजो गृहस्थ १९७५ मध्ये त्या वरिष्ठ नेतृत्वात पोहोचलेले पहिले मूलनिवासी. १९८९ मध्ये, आपल्या लोकांना दुय्यम लेखले जात असल्याची तक्रार केल्यानंतर, त्यांनाही बहिष्कृत करण्यात आले.

वंशाचा निवाडा रक्तानेच दिला. मूलनिवासींच्या डीएनएचा माग आशियाच्या ईशान्य टोकाकडे, हिमयुगाकडे जातो, जेरुसलेमकडे नाही. चर्चचा बचाव असा की, लेहीचे कुटुंब लहान होते, त्याचा अंश मोठ्या लोकसंख्येत विरून गेला असेल. आनुवंशिकीच्या दृष्टीने हे अशक्य नाही. पण मग दीडशे वर्षे व्यासपीठावरून सांगितले ते काय होते? १९८१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लॅमनाईट हे अमेरिकन इंडियनांचे 'प्रमुख पूर्वज' होते असे छापलेले होते. पुढच्या पाव शतकात त्या जागी 'पूर्वजांपैकी' हा शब्द आला. या बदलाची बातमी २००७ मध्ये वृत्तपत्रांतून लोकांपर्यंत पोहोचली. तोवर यजमान घरांत वाढलेली पहिली मुले साठीला टेकली होती आणि त्यांची नातवंडे शाळेत जात होती.