नामांचे पाढे बंद करा!

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले २००० साली. त्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसलेली मुले आज तिशी ओलांडून संसाराला लागली आहेत. त्यांना विचारा, नामाचे प्रकार किती? उत्तर तोंडपाठ येईल: प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. मग त्यांनाच सांगा, 'घरात नवे फर्निचर आणले आणि तुमचा सल्ला उपयोगी पडला' एवढे इंग्रजीत लिहा. कितीतरी जणांच्या लेखणीतून 'फर्निचर्स' आणि 'अ‍ॅडव्हायसेस' उतरतील. दहा वर्षे इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसलेल्या या पिढीच्या पदरात आम्ही काय टाकले? पाच शब्दांची एक यादी! ही शिक्षणाची फसवणूक आहे आणि ती वर्षानुवर्षे राजरोस चालू आहे.

'नामाचा प्रकार ओळखा' हा प्रश्न शाळेच्या चाचणीपासून स्पर्धा परीक्षेपर्यंत पोराचा पिच्छा सोडत नाही. या प्रश्नाने नेमके काय तपासले जाते? 'ग्लास' हे नाम कोणते, असे विचारले की गाईड सांगते, मटेरियल. खिडकीची काच असेल तर खरे. पण पाण्याचा पेला असेल तर त्याच शब्दामागे 'अ' येतो, अनेकवचनही होते. 'अ चिकन' म्हणजे अंगणात फिरणारी कोंबडी आणि नुसते 'चिकन' म्हणजे ताटातले. प्रकार शब्दाच्या कपाळावर गोंदलेला नसतो, तो वाक्यात ठरतो. वाक्यावाचून प्रकार विचारणारा प्रश्नच अडाणी आहे, आणि त्याला गुण देणारी परीक्षा त्याहून अडाणी!

ही पाच खणांची मांडणी आली कुठून? ब्रिटिश हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यातले अधिकारी जे. सी. नेसफील्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या शाळांसाठी व्याकरणे लिहिली. त्यांत ही पंचविध विभागणी आहे. त्या काळाला ती शोभली असेल. पण इंग्रजीचे अभ्यासक तिथे थांबले नाहीत. १९८५ साली क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या बृहद्व्याकरणात सामान्यनामांबाबत कळीचा भेद धरला आहे तो मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या नामांचा. त्याच्याही कितीतरी आधी, १९४२ साली, जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी परक्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कोशात नामापुढे याच भेदाची खूण घातली. वाक्य लिहिताना 'अ' लावायचा की नाही, 'एस' जोडायचा की नाही, 'इज' की 'आर', 'मेनी' की 'मच', या प्रत्येक अडचणीचे उत्तर त्या एका खुणेपाशी आहे. आमच्या वर्गात मात्र अजून नेसफील्डसाहेबांचे राज्य चालू आहे.

मराठी मुलाची खरी अडचण कोणती, हे कोणी त्याला विचारले आहे काय? त्याच्या भाषेत 'मी पुस्तक घेतले' हे वाक्य पूर्ण आहे. इंग्रजीत तेच 'बुक' एकटे उभे राहू शकत नाही, त्याला 'अ', 'द' अशा एखाद्या शब्दाचा आधार लागतोच. त्याच्या घरी तांदूळ संपतात, केस पिकतात, पैसे उरतात, सगळे अनेकवचनी. इंग्रजीत राइस, हेअर आणि मनी ही तिन्ही एकवचनात चालतात. उलट घरात कात्री हरवते, चष्मा फुटतो, विजार फाटते, सगळे एकवचनी. इंग्रजीत सिझर्स, ग्लासेस, ट्राउझर्स ही नित्य अनेकवचनी. न्यूजच्या शेवटी 'एस' दिसतो म्हणून पोर त्याला अनेकवचन समजते आणि मार खाते. ही चूक बुद्धीची नाही. मातृभाषेचा नियम ते प्रामाणिकपणे पुढे नेते आहे. आणि जिथे मातृभाषा मदतीला उभी आहे, तिथे तरी आम्ही तिला हाक मारतो का? 'माहित्या' असे मराठीत कोणी म्हणत नाही, 'सामाने' असेही नाही. मग 'इन्फर्मेशन्स' आणि 'लगेजेस' का लिहायचे नाही, हे मुलाला एका वाक्यात कळले असते! पण इंग्रजीच्या तासाला मराठी उच्चारणे पाप मानणाऱ्यांनी हे दारही बंद केले. सिंहांच्या कळपाला काय म्हणतात, माशांच्या थव्याला काय म्हणतात, याच्या याद्या मात्र पाठ करून घेतल्या.

यात भरडला जातो कोण? ज्याच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येते, आईबाप इंग्रजी बोलतात, त्याला हा भेद कानाने कळतो, शाळेने शिकवला नाही तरी त्याचे अडत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शेतमजुराच्या मुलीला इंग्रजी मिळणार ते त्या एका तासातच, आणि तो तास आम्ही व्याख्या घोकण्यात जाळतो. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या 'काव्यफुले'त शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याची हाक दिली, ती ज्ञानाच्या नाड्या मूठभरांच्या हातून सुटाव्यात म्हणून. त्यांच्याच महाराष्ट्रात इंग्रजीचा तास त्या नाड्या पुन्हा आवळत असेल, तर पुतळ्यांना हार घालण्याचा अधिकार आम्हाला उरत नाही. पालक मराठी शाळा सोडून महागड्या इंग्रजी शाळांकडे धावतात म्हणून गळा काढणाऱ्यांनीही इकडे पाहावे. मराठी शाळेत इंग्रजी नीट येते, असा भरवसा तुम्ही त्यांना कधी दिलात?

शिक्षणखात्याकडे आमची मागणी रोखठोक आहे. प्रकार ओळखण्याचा सुटा प्रश्न प्रत्येक परीक्षेतून काढा. त्या जागी चार ओळी लिहायला द्या आणि नामे बरोबर वापरली की नाही ते तपासा. विद्यार्थ्यांसाठीचा, खुणा असलेला कोश प्रत्येक वर्गात ठेवा, कपाटात कुलूपबंद नको, मुलांच्या हाती. मराठी आणि इंग्रजी नामे कुठे जुळतात, कुठे फारकत घेतात, हे शिक्षकांना प्रशिक्षणात शिकवा. आज ते त्यांनाही कोणी शिकवलेले नाही, म्हणून त्यांना दोष देऊन खात्याला सुटता येणार नाही. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा प्रश्नपत्रिकेचा नवा आराखडा शिक्षकांच्या हाती असला पाहिजे.