व्यायामशाळा बांधली, मास्तरांचे काय?

नगरपालिकेच्या अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की रस्ते, गटारे, पाणी आणि पथदिवे यांची चर्चा सुरू होते. ती व्हायलाच हवी. पण वाचकहो, आज या सदरात त्याच अर्थसंकल्पातील एका लहानशा रकमेविषयी लिहायचे आहे. गावातील मुलामुलींसाठी एखादे मंडळ व्यायामशाळा, तालीम किंवा क्रीडा केंद्र चालवते. त्याला पालिकेकडून मिळणारे, किंवा मिळायला हवे असे, वार्षिक अनुदान म्हणजे ही रक्कम. काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री हिलाच लागते. तिच्यामागे कोणी ठेकेदार उभा नसतो आणि मतदानाचे वय न झालेली मुले काही पालिकेवर मोर्चा काढत नाहीत.

हा तर खेळखात्याचा विषय, डॉक्टरांनी यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण सांगतो. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे, दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ पर्यंतच्या माहितीवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातील ११ ते १७ वयोगटातील शंभरापैकी सुमारे ७४ मुले एवढीही हालचाल करीत नसल्याचे दिसले. शाळा, शिकवणी आणि मोबाईल यांतून उरतो किती वेळ? आणि उरला, तर खेळायचे कोठे?

या वयाचे महत्त्व पालकांच्या लवकर ध्यानात येत नाही. हाडांतील खनिजांचा बहुतेक साठा विशीच्या आसपासपर्यंत भरला जातो. तो भरण्यासाठी आहारात दूध, नाचणी, डाळी हव्यात, तशी धावपळ आणि उड्याही हव्यात. मुलगी वयात आली की तिचे खेळणे बंद करणाऱ्या घरांनी याचा जरूर विचार करावा. पन्नाशीनंतर मनगट किंवा खुब्याचे हाड मोडते, त्याचे एक मूळ तेथपर्यंत जाते. आता व्यसनाचे पाहा. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. संध्याकाळी ५ ते ८ या वेळात मुलगा टपरीवर उभा आहे की मल्लखांबाभोवती, हा प्रश्न मला रक्तदाबाइतकाच वैद्यकीय वाटतो.

मंडळांनी चालवलेल्या व्यायामशाळा ही आपल्याकडची जुनीच गोष्ट आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. सरकारी आदेशाची वाट न पाहता माणसांनी त्या उभ्या केल्या. मात्र प्रत्येक गावाला तसे संस्थापक लाभत नाहीत, आणि केवळ वर्गणीवर वीजबिल भरता येत नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी १८ विषयांची यादी घटनेत घातली. तिच्यात उद्याने आणि क्रीडांगणे आहेत. तेव्हा पालिकेने मुलांच्या खेळावर खर्च केला तर तो कोणावर उपकार नव्हे.

खरी अडचण पैसा नाही, असे नाही. पण पैसा जातो कोठे, ती त्याहून मोठी आहे. इमारतीला पैसा मिळतो, कारण तिच्यावर कोनशिला बसते. राज्य शासनाच्या व्यायामशाळा विकास योजनेचाही भर बांधकाम आणि साहित्यावरच आहे. बागेत लोखंडी साधने बसवतात, त्यांचे उद्घाटन होते, वर्षभरात त्यांचे बेअरिंग जाते. मास्तरांच्या मानधनाला मात्र कोनशिला नसते. मूल येते ते मास्तरांसाठी. दोन दिवस आले नाही तर घरी निरोप धाडणारा, चुकीची बैठक सुधारणारा, पाठीचे दुखणे ओळखून दवाखान्यात पाठवणारा माणूस तेथे असावा लागतो.

जरा हिशेब मांडू. समजा एक मास्तर आणि मुलींसाठी एक बाई, प्रत्येकी महिना १२ हजार. झाडलोट ४ हजार, वीज-पाणी ४ हजार, गाद्या-दोर-चेंडू ३ हजार. महिन्याचे झाले ३५ हजार, वर्षाचे ४ लाख २० हजार. दीडशे मुले येत असतील तर मुलामागे वर्षाला २,८०० रुपये, म्हणजे दिवसाला आठ रुपयेही नाहीत. एवढ्यात चांगल्या हॉटेलात चहासुद्धा मिळत नाही.

परदेशातील एक उदाहरण येथे देण्याजोगे आहे. आइसलँड हा चार लाखांहून कमी वस्तीचा देश, म्हणजे आपला एखादा मोठा तालुका. १९९८ मध्ये तेथील १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागील महिनाभरात दारूची नशा केल्याचे सांगितले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. तेथे खेळाची मंडळे लोकांची, पण त्यांना पैसा नगरपालिकांचाही. रेकजाविक शहर २००७ पासून प्रत्येक मुलाच्या खेळ-संगीताच्या फीसाठी ठराविक रक्कम देते. अर्थात सगळे श्रेय खेळाचे नव्हे. मुलांनी रात्री उशिरा बाहेर फिरू नये असा नियम, पालकांचे आपसांतील करार, विक्रीवरील निर्बंध, हे सारे जोडीला होते. तरी शिकवलेले आणि पगारी प्रशिक्षक हा त्यातील मोठा भाग, आणि आपण नेमका तोच गाळतो.

आता दुसरी बाजू. सगळी मंडळे धुतल्या तांदळासारखी नसतात. कोठे व्यायामशाळेत लग्नाचे जेवण वाढले जाते, कोठे तिला पुढाऱ्याच्या फलकांचे गोदाम केलेले असते, कोठे दोन-चार पहिलवानांनीच ती अडवलेली असते. म्हणून अनुदान लेखी करारानेच द्यावे. हजेरीपट पालिकेने पाहावा, लेखापरीक्षण झालेला हिशेब दारावर लावावा. मुलींची वेळ राखीव असावी आणि त्या वेळी बाई हजर असाव्यात. गरीब मुलाकडून फी घेऊ नये. एवढे पाळणाऱ्या मंडळाला करार तीन वर्षांचा द्यावा. दर मार्चला हात पसरावे लागणारा मास्तर टिकत नाही, दुसरी नोकरी पाहतो. मुलींच्या वर्गाचा खर्च महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवलेल्या निधीतून करता येईल का, हे मुख्याधिकाऱ्यांनी तपासावे.

आपल्या प्रभागातील नगरसेवक भेटले तर नवा हॉल मागू नका. आहे त्या हॉलचे कुलूप संध्याकाळी पाच वाजता कोण उघडतो आणि त्याला महिन्याला किती मानधन मिळते, एवढे त्यांना विचारा.